‘ही धुणंवाली बाई बदला,’ असं बायको म्हणते

पत्राचा सारांश, नाव-गाव गाळून :

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे हे वाचक एका पतसंस्थेत नोकरी करतात. वय ४३. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. गेल्या जूनमध्ये त्यांची बदली दुसऱ्या जिल्ह्यात झाली. त्या तिकडे खोली घेऊन राहतात आणि दर दुसऱ्या शनिवारी घरी येतात. घरी वाचक, नववीतला मुलगा आणि ७२ वर्षांच्या आई. वॉशिंग मशीन नाही. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकी सगळी भिस्त बोअरवर. सून गेल्यावर धुणं आईंनी हातात घेतलं, पण गुडघे साथ देईनात. वाचक स्वतः मोरीत शिरले की त्या म्हणायच्या, “माझ्या डोळ्यादेखत गडी माणसानं धुणं धुवायचं? लोकं काय म्हणतील?” शेवटी माय-लेकांत तडजोड झाली : धुवायचं तर रात्री, दार लावून, आणि वाळत आतच घालायचं. बायकोला सांगितलंय की धुण्याला बाई लावली. सून विषय काढते तेव्हा सासूबाई गप्प बसतात.

आता पांढरे शर्ट करडे पडलेत, टॉवेल पापडासारखे कडक झालेत, हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, आणि मुलाला वर्गात कुणीतरी ‘तुझ्या शर्टाला कुबट वास येतो’ असं म्हटलं. बायको दर खेपेला म्हणते, “ही बाई नीट खळबळत नाही, बदला तिला.” वाचक विचारतात : “आता खरोखरच बाई लावू, की हप्त्यावर मशीन घेऊ? हाताने धुतलेले कपडे मशीनसारखे निघतच नाहीत, हे खरं आहे का? मला तर धुणं जमतच नाही.”

---

आठ महिने तुमच्या घरात एक बाई कामाला आहे, तिचं काम तुमच्या पत्नीला पसंत नाही, तिला काढायची भाषा चालू आहे, आणि ती बाई रोज रात्री अकराला आतून कडी लावून घेते. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आवरेना म्हणून, दुसऱ्यांदा नीट वाचायचं म्हणून.

‘मला धुणं जमत नाही’ हे वाक्य पत्रात तीनदा आलंय. मला ते पटत नाही. तुम्हाला धुणं जमतंय. लपून धुणं मात्र कुणालाच जमणार नाही. तुमच्या एकेका तक्रारीचा माग काढत गेले, तर बहुतेक वाटा त्या बंद दारापाशीच येतात. आईची झोपमोड नको, शेजाऱ्यांना नळाचा आवाज नको, म्हणून एकाच बादलीत सगळं बुचकळून काढता. मग साबण कपड्यातच राहतो. खिडकीतून उजेड दिसायला नको म्हणून छोटा दिवा लावता. मग कॉलरवरची काळी रेघ दिसत नाही. आणि उन्हात घालायचं नाही, म्हणून ज्या कापडाला तीन-चार तास पुरले असते ते दोन दिवस दमट राहतं. तो कुबट वास घामाचा नाही. दमट कापडात जिवाणूंना मुक्काम मिळतो, त्याचा आहे. कितीही महागाची पावडर आणा, कपडा मोरीत वाळला की वास परत येणार.

हळदीचा डाग घ्या. वरण सांडलं, साबण लावला, पिवळा डाग लालभडक झाला, आणि तुम्ही घाबरून आणखी साबण चोळलात. हळदीचा तो स्वभावच आहे. आम्लारीशी, म्हणजे चुन्या-सोड्यासारख्या पदार्थाशी, गाठ पडली की ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करायची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. साबण आणि सोडा त्याच जातीचे, म्हणून तुमच्या शर्टावरही थोडं कुंकूच तयार होतं. साबण पूर्ण निघाला की डाग पुन्हा पिवळा दिसतो आणि मग तो चोळून जात नाही, उन्हाने जातो. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. कपडा ओला असतानाच डागाची बाजू वर करून दुपारच्या उन्हात पसरा. थोडा राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला करून पसरा. माझ्या एका फिकट साडीवरचा लग्नाच्या पंगतीतला डाग तीन दुपारींत गेला. तुमच्या मोरीतल्या दोरीवर तो दहा वर्षं सुखाने नांदेल.

तेव्हा पहिला सल्ला धुण्याचा नाहीच. दोरी बाहेर बांधा. बाकीचं त्यानंतर.

पण सगळाच दोष दाराचा नाही, थोडा बोअरचाही आहे. आपल्याकडचं बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. खडकातून झिरपताना ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेऊन येतं. साबणाची वडी अशा पाण्यात आधी या क्षारांवरच खर्ची पडते. फेस येत नाही, उलट पांढरट चिकट मळी तयार होते. बादलीच्या कडेला जी खरबरीत रेघ बसते ना, तीच. ती जशी बादलीला बसते तशी धाग्यातही बसते. टॉवेल पापड होतो तो त्याने, आणि पांढरा शर्ट करडा दिसतो तोही बराचसा त्यानेच. घरात तपासून बघायचं असेल तर दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत नळाचं (पावसाळ्यात पन्हाळीखालचं मिळालं तर उत्तम), दोन्हींत साबणाचा नखाएवढा तुकडा टाकून जोरात हलवा. नळाच्या पाण्यात फेस उभा राहील, बोअरच्या पाण्यात गढूळपणा. मुलाला करायला सांगा, नववीच्या पोराला ते आवडेल.

तुम्ही लिहिता, फेस येत नाही म्हणून मी आणखी मूठभर पावडर टाकतो. इथेच गाडं रुतलं. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. जास्तीची पावडर काढायला जास्तीचं पाणी लागतं, ते तुमच्याकडे नाही, मग ती कपड्यातच वाळते आणि पुढची धूळ धरून ठेवते. त्याऐवजी किराणा दुकानातून धुण्याचा सोडा आणा. खायचा सोडा नव्हे, धुण्याचा. दहा लिटर पाण्यात एक सपाट चमचा आधी पूर्ण विरघळवा, पाच मिनिटं थांबा, मग पावडर टाका, तीही पाकिटावर लिहिली असेल तेवढीच. सोडा पाण्यातल्या क्षारांना आधीच गाठतो आणि पावडर तिच्या कामाला मोकळी राहते. रेशीम आणि लोकर मात्र या पाण्यात घालायची नाही. त्यांना रिठ्याचं पाणी बरं. आणि वडीपेक्षा पावडर घ्या, कारण डिटर्जंट जड पाण्यात साबणाएवढं हतबल होत नाही.

इथे तुमच्या आईंच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्या कपडा दगडावर आपटतात आणि तुम्ही तो नुसता हलवता, असा त्यांचा आक्षेप आहे म्हणे. त्यांचा हात साबणाच्या वडीवर बसलाय. करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत १९६९ साली निरमा सुरू केली आणि त्यानंतर कुठे स्वस्त पावडर साध्या घरांत पोचली. त्याआधी वडी, सोडा, रिठे आणि मनगट. वडीच्या काळात मळ काढायचा तो आपटून, धोपटून. पावडरीच्या काळात मळ सुटतो तो भिजण्याने. म्हणून तुम्ही आपटत नाही हे उत्तम. शर्टाची बटणं आणि सुती धागा, दोघंही दुवा देतील. फक्त भिजायला वेळ द्या.

किती? अर्धा तास. रात्रभर नाही. ‘जास्त भिजलं की जास्त निघतं’ हा मोठा गैरसमज आहे. सुटलेला मळ तासन्‌तास त्याच पाण्यात फिरत राहिला की परत कपड्यावरच बसतो, आणि रंगीत कपडा रंग सोडतो तो वेगळाच. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एक लाल ओढणी नवऱ्याच्या चार बनियनांसोबत रात्रभर भिजवली होती. तो वर्षभर गुलाबी बनियन घालून ऑफिसला जात होता. शर्टाच्या आत, म्हणून निभावलं.

कॉलरचं जरा सविस्तर सांगते, कारण पतसंस्थेच्या खिडकीत बसणाऱ्या माणसाची कॉलरच आधी दिसते. ती काळी रेघ धुळीची कमी आणि मानेच्या तेलाची जास्त असते. तेल नुसत्या पाण्यात सुटत नाही. म्हणून शर्ट भिजवण्याआधी, नुसती कॉलर ओली करून, तिच्यावर निळी डिटर्जंटची वडी दोनदा फिरवा किंवा भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बोटाने पसरवा. दहा मिनिटं तशीच राहू द्या. मग कॉलर डाव्या तळहातावर सपाट ठेवायची, खाली आधार हवा, आणि जुना दात घासायचा ब्रश रेघेच्या दिशेने हलक्या हाताने न्यायचा. आडवा ओढलात तर घडीवरचा धागा विरतो. कॉलर फाटते ती नेहमी त्या घडीवरच. बाह्यांच्या कफाला हेच, काखेला हेच, पण काखेत ब्रश नको, बोटंच. एवढं करून मग शर्ट बादलीत. तळहाताने दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. पाणी कापडातून आरपार गेलं पाहिजे. कणीक तिंबतो तसं.

कोमट पाणी घेतलं तर पावडरीतली एन्झाइम्स अधिक चांगलं काम करतात. मात्र मुलगा गुडघा फोडून आला असेल, किंवा दूध-अंडं सांडलं असेल, तर आधी गारच पाणी. गरम पाण्यात रक्त शिजतं आणि धाग्यात कायमचं बसतं.

आता खळबळणं. तुमच्या पत्नींचा तोच तर आक्षेप आहे, आणि तो शंभर टक्के बरोबर आहे. एका पाण्यात साबण निघत नाही. तीन पाणी लागतात. तीन बादल्या भरून ओतायच्या म्हटलं तर तुमच्या पाण्यात परवडणार नाही, म्हणून ओळ लावायची. आधी पांढरे, मग फिके रंगीत, मग गडद, शेवटी मोजे आणि पायपुसणं. साबणाचं पाणी सगळ्यांना तेच. पांढऱ्यांचं तिसरं, जवळजवळ स्वच्छ पाणी हे रंगीत कपड्यांचं पहिलं पाणी. उरलेलं फरशीला, नाहीतर संडासात. दर पाण्याआधी कपडा घट्ट पिळायचा. निम्मा साबण तिथेच जातो, आणि बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. झालं की नाही कसं कळणार? दोन बोटांत कापड चोळा. बुळबुळीत लागलं तर अजून एक पाणी. शर्ट पांढरे आहेत तर आठवड्याच्या नळाच्या पाण्यातल्या दोन बादल्या शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवा. आणि जे टॉवेल आधीच पापड झालेत त्यांना एकदा शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घाला, साचलेली मळी सुटते. पण व्हिनेगर आणि कपड्यांचं ब्लीच एका बादलीत कधीच नाही. दोन्ही मिळून विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद मोरीत तर तो जिवावर बेतेल. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड, यांनाही हाच नियम.

निळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण करड्या शर्टांवर तुम्ही ती थेट ओतत असणार असा मला संशय आहे, कारण ‘निळे ढग उठतात’ असं लिहिलंय. नीळ मळ काढत नाही. पिवळेपणावर हलकी निळी छटा चढवून डोळ्याला पांढरं भासवते, एवढंच. त्यामुळे साबण पूर्ण निघाल्यावरच, शेवटच्या वेगळ्या पाण्यात, चार-पाच थेंब, आधी हाताने पाणी ढवळून मग कपडा उलगडून एकदम बुडवायचा आणि लगेच काढायचा. गोळा करून टाकलात की घड्यांत ढग येणारच.

वाळत घालताना आधी जोरात दोनदा झटका. निम्मी इस्त्री तिथे होते. शर्ट खालच्या कडेला चिमटे लावून उलटा टांगा, खांद्यांवर टोकं येत नाहीत. पँट आतली बाजू बाहेर, खिसे ओढून बाहेर काढून. पांढरं उन्हात, रंगीत सावलीत वाऱ्यावर. दोन कपड्यांत चार बोटांचं अंतर. पुण्या-मुंबईत ज्यांच्या नशिबी ऊनच नाही, कॉट बेसिसवर राहून परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली हे पत्र वाचत असतील, त्यांनी धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर गुडघा देऊन दाबावा आणि मग पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून टांगावा. रात्रीत वाळतो. कोकणातल्या पावसाळ्यालाही हाच उपाय. आणि रविवारी सात दिवसांचा डोंगर उपसण्यापेक्षा एक दिवसाआड पाच-सहा कपडे. डोंगर बघूनच माणसाचा धीर सुटतो.

तुमची कंबर दुखते म्हणता. मोरीत उकिडवं बसून, वाकून धुता, दुसरं काय होणार? टब स्टुलावर किंवा विटांच्या दोन थरांवर ठेवा आणि उभ्याने धुवा. धुणं झाल्यावर हातांना खोबरेल. पावडर हाताची त्वचा कोरडी करते, बोटांना भेगा पडायची वाट बघू नका.

इथपर्यंत सोपं होतं. आता आई.

‘गडी माणसानं धुणं धुवायचं का’ याला उत्तर द्यायचं तर गावगाड्याकडेच बोट दाखवता येईल. बारा बलुतेदारांत परीट होता, आणि अख्ख्या गावाचे कपडे घाटावर धुणाऱ्यांत गडी माणसं होतीच. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० पासून उभा आहे. पुलावरून खाली पाहिलं की टाक्यांपाशी कपडे आपटणारे बहुतेक पुरुषच दिसतात. म्हणजे पैसे मिळत असतील तर धुणं पुरुषाचं, आणि घरचं, फुकटचं असेल तर बाईचं, असा तो नियम आहे. त्याला परंपरा म्हणायचं की सोय, हे तुम्हीच ठरवा. आणि आई वारीच्या वाटेवरच्या असतील तर विठोबाने जनीचं धुणं धुतलं, तेही चार हातांनी, हे त्यांना मी सांगायला नको.

पण असल्या वादात जिंकून आई ऐकतील असं मला वाटत नाही. तुमच्या पत्रात त्यांचं आणखी एक वाक्य आहे, तुम्ही ते ओझरतं लिहिलंय : “लोकं म्हणतील, सून नोकरीला गेली अन् पोराला मोरीत बसवलं.” म्हणजे त्या तुमची अब्रू झाकत नाहीयेत. सुनेची झाकतायत. तुम्ही उन्हात शर्ट वाळत घातलात की गल्ली तुम्हाला काही म्हणणार नाही, तिला म्हणेल, ही त्यांची धास्ती आहे, आणि गल्लीचा त्यांचा अनुभव तुमच्यापेक्षा मोठा आहे. हे एकदा त्यांच्याशी बोला. ‘माय, तू तिच्यासाठी घाबरतेस का?’ एवढंच विचारून गप्प बसा. दुसरी भीती त्या बोलणार नाहीत, ती मी सांगते. सून गेली, स्वयंपाकाला गॅस आला, पाण्याला मोटर आली. मोरी हे त्यांचं शेवटचं राज्य आहे. तिथूनही उठवलंत तर त्यांनी घरात करायचं काय?

म्हणून उठवू नका. मोरीच्या दाराशी, किंवा अंगणात टब मांडाल तिथे, पाठ टेकायची खुर्ची टाका आणि त्यांना बसवा. खिसे तपासणं, पांढरं-रंगीत वेगळं करणं त्यांच्याकडे. निळीची बाटली तर पूर्णपणे त्यांच्याच ताब्यात, किती थेंब ते त्यांनी सांगायचं. तुमच्या खळबळण्याला त्या नावं ठेवतील. ठेवू द्या. आठ दिवसांत शेजारणींना त्या स्वतःच सांगतील की पोराला शिकवतेय, आणि एकदा ‘शिकवतेय’ म्हटलं की गल्लीचं तोंड निम्मं बंद होतं.

मुलगाही आठ महिने हे बघतोय. त्याचे मोजे, आतले कपडे आणि शाळेचा शर्ट उद्यापासून त्याच्याकडे. वर्गात कुणी काही म्हणालं की सगळ्यात जास्त निगुतीने तोच खळबळेल.

आता बाई की मशीन. बाई लावायची असेल तर जरूर लावा, त्यात कमीपणा नाही आणि कुणाला तरी चार पैसे मिळतील. पण तीही याच बोअरच्या पाण्यात, याच पावडरीने धुणार, आणि तिने धुतलेलंही मोरीतच वाळत घालणार असाल तर दोन महिन्यांत तिलाही बदलायची भाषा सुरू होईल. लावलीत तर कपडे किती, चादरी-गोधड्यांचे वेगळे किती, महिन्याला सुट्ट्या किती, हे पहिल्याच दिवशी बोला, आणि खाड्याचे पैसे कापू नका. आतले कपडे ज्याचे त्याने धुवावेत, माझं मत एवढं ठाम आहे की त्यावर मी चर्चाही करत नाही.

मशीनबद्दल : हाताने धुतलेले कपडे मशीनसारखे निघत नाहीत, हे खरं नाही. पिळण्यात मशीन पुढे आहे, बाकी मळ काढणारे तेच तिघे : पाणी, पावडर, वेळ. तुमच्या घरात पूर्ण ऑटोमॅटिक मशीन घेऊ नका. तिला नळातून दाबाने पाणी लागतं. टाकी जेमतेम छताएवढ्याच उंचीवर असेल तर मशीन भरतच बसते. वरून कपडे टाकायच्या मशीनला एका खेपेला शंभर लिटरच्या पुढे पाणी सहज जातं, आणि जड पाण्याने तिच्या आतही तीच मळी साचते. सेमी-ऑटोमॅटिक तुमच्यासारख्यांसाठीच आहे. बादलीने भरता येते, एकच साबणाचं पाणी तीन खेपांना चालतं, आणि शेजारच्या स्पिनरमध्ये चादर अशी पिळून निघते की आई बघत राहतील. पण आत्ता नको. तीन महिने उजेडात, बाहेरच्या दोरीवर धुऊन बघा. त्यानंतरही कंटाळा आला तर तो धुण्याचा खरा कंटाळा असेल. आत्ता तुम्हाला मशीन हवंय ते आणखी एक बंद दार म्हणून, आणि त्याचे हप्ते फार महाग पडतील.

तोवर चादर कशी पिळायची? नळाला अडकवून पीळ देऊ नका, आमच्या घरातले दोन नळ त्यात गेले. एक टोक मुलाकडे द्या, एक तुम्ही धरा. दोघांनीही आपापल्या उजवीकडे पीळ द्यायचा. समोरासमोर उभे असल्याने ते आपोआप उलटं होतं. एक उजवीकडे आणि एक डावीकडे फिरवत बसला तर चादर नुसती लोळते.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांना या शनिवारच्या आधी, फोनवर सांगा. कपडे पांढरे झाल्यावर सांगायचा मोह होईल. तेव्हा सांगाल तर ती फुशारकी होईल, म्हणून अजून करडे आहेत तोवरच सांगा. त्यांना राग येईल, पण तुम्ही धुणं धुतलंत याचा नाही. तिकडे त्या शाळा सांभाळून स्वतःचं धुणं स्वतःच धुतायत आणि तुम्ही मात्र हे लाजेचं काम समजून लपवलंत, याचा येईल. ऐकून घ्या. आणि त्या नसलेल्या बाईचा पगार घरखर्चाच्या वहीत लिहिला असेल (लिहिला नसेल अशी माझी आशा आहे), तर ती रक्कमही त्याच फोनवर सांगून टाका.

त्यांनी विचारलंच की मग बाई बदलली का, तर म्हणा, बाई तीच आहे. फक्त रात्रपाळी बंद केली, आता सकाळी सातला येते.